वारोबाला फट सापडली नाही

आलात का सगळे? नच्या, सरक तिकडे, उशी सगळ्यांची आहे. अवनी, तू मधे ये. आणि हुंकार द्यायचा हं. हुंकार आला नाही तर मला वाटेल झोपलात, आणि मी गोष्ट तिथंच टाकून उठेन.

एक होता राजा. त्याचं नाव धुळोजी. राजा म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, केवढा तरी राजवाडा असेल. तसं काही नव्हतं. त्याचं राज्य म्हणजे एक भला मोठा माळ. इकडे बघावं तर गवत, तिकडे बघावं तर गवत, आणि झाड औषधालाही नाही. सगळी प्रजा मेंढ्या राखायची. मेंढ्या चरत पुढे गेल्या की माणसं त्यांच्या मागे. मग घरं बांधणार कुठे? म्हणून सगळे तंबूत राहायचे. मेंढपाळ तंबूत, प्रधान तंबूत आणि राजाही तंबूतच. राजाचा तंबू जरा मोठा, एवढंच.

आणि त्या माळावर राहायचा वारोबा. वारोबा म्हणजे वारा. तो वाईट नव्हता, बरं का. पण त्याला एक खोड होती. कुठे फट दिसली की त्याला राहवायचंच नाही. लाडवाचा डबा अर्धवट उघडा दिसला की आपल्या नच्याला होतं ना, तसं. फट दिसली की हा शिरलाच आत. मग आत जाऊन काय करायचं? दिवा विझवायचा, पीठ उडवायचं, म्हातारीच्या डोक्यावरचा पदर ओढायचा.

म्हणून त्या राज्यात तंबू ठोकायचा तर अगदी चौकोनी ठोकावा लागायचा. तंबूचं कापड शिवलेलं चौकोनी. मग जमिनीत मेखा नकोत का चौकोनी? मेख म्हणजे तंबूचा दोर बांधायची जाड खुंटी. मेखा वाकड्या बसल्या की कापड इकडे ताणतं, तिकडे लोंबतं, आणि खाली राहते फट. की आलेच वारोबा.

आता मेखा नीट ठोकायच्या तर माप हवं. तर त्या राज्यातलं माप म्हणजे राजाचा हात. रीतच होती तशी. राजाच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, तो एक हात. तेवढ्या काठ्या करून घरोघरी दिलेल्या. आणि राजानं कोपर दुमडला की झाला कोपरा. त्या कोपऱ्याबरहुकूम लाकडाचे गुण्ये केलेले. गवंड्याकडे असतो ना, कोपरा सरळ आहे का बघायचा, तो गुण्या. कापड घ्या, घोंगडी विणा, तंबू ठोका, सगळं राजाच्या हातानं. छान चाललं होतं.

मग एकदा काय झालं, राजाकडे निरोप आला. त्याची एकुलती एक लेक, हौसाबाई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार. राजाला असा आनंद झाला, असा आनंद झाला, की तो लेकीची वाट बघायला शिडीवर चढला. अगं, लेक येणार दोन महिन्यांनी. हा आजच शिडीवर. शिडी टेकवलेली तंबूच्या खांबाला. खांब हलला, शिडी हलली आणि राजा धपकन खाली. हसू नका, त्याचा हात मोडला. कोणता हात? उजवा. मापाचा.

हाडवैद्य आला. त्यानं हाताला बांबूच्या कांब्या बांधल्या आणि हात दिला गळ्यात अडकवून. म्हणाला, तीन महिने हलवायचा नाही.

मग प्रधान उभा राहिला. हा प्रधान होता नियमाचा फार पक्का. म्हणाला, "महाराज, हात मोडला तर मापही मोडलं. मोडक्या हाताचं माप वापरणं म्हणजे तुमचा अपमान. तुमच्या पणजोबांच्या वेळचा नियम आहे. हात बरा होईपर्यंत राज्यात कुणी काही मापायचं नाही."

राजाला काही ते पटलं नाही. पण पणजोबांचं नाव निघाल्यावर बोलणार काय? मान डोलावली त्यानं. प्रधानानं सगळ्या काठ्या आणि सगळे गुण्ये गोळा केले, पेटीत टाकले, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मला विचाराल तर अशा माणसाला दोन दिवस घर चालवायला द्यावं, म्हणजे डोकं ताळ्यावर येतं.

मग त्या राज्यात जी मजा झाली. शिंप्यानं सदरे शिवले, त्यांची एक बाही मनगटाला आणि एक बाही कोपराला. सुतारानं खाट केली, तिच्यावर झोपलं की पाय बाहेर. लोक हसले. पण मग आजूबाजूचं गवत संपलं, मेंढ्या पुढे निघाल्या. सगळ्यांनी तंबू सोडले आणि नव्या जागी जाऊन ठोकले. न मापता ठोकले. मग काय विचारता. सगळे तंबू वाकडे, आणि प्रत्येक तंबूत वारोबा मुक्कामाला.

मोठ्या माणसांचं काय, ती घोंगडी पांघरतात आणि शिंकत बसतात. पण हौसाबाई यायची होती ना. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नसतो, आणि बाळाला तर मुळीच नाही. अवनी, तुझ्या वेळी तुझी आई माझ्याकडे होती, तेव्हा मी तिचे कान बांधून ठेवले होते, भर मे महिन्यात. चिडायची माझ्यावर. पण मी ऐकते होय? नुकतं जन्मलेलं बाळ म्हणजे लोण्याचा गोळा. त्याची टाळू अजून भरलेली नसते. त्याला झोंबरा वारा लागला, छाती भरली, तर मग कठीण. मागच्याच वर्षी एका मेंढपाळाच्या बाळाला असा वारा बाधला होता. नऊ दिवस ते बाळ धड दूध प्यायलं नव्हतं, आणि नऊ दिवस सगळा माळ धड जेवला नव्हता. वाचलं शेवटी. पण राजाला ते सारखं आठवायचं.

तर बाळंतिणीसाठी नवा तंबू शिवून तयार होता. हात मोडायच्या आधीच शिवलेला, पांढरा, जाड, चारी बाजूंनी सारखा. नुसता ठोकायचा राहिला होता. राजा म्हणाला, "जो हा तंबू न मापता चौकोनी ठोकून देईल, त्याला मी माझी सगळ्यात लाडकी दुभती मेंढी देईन."

मग पहिल्यांदा आला सेनापती. मोठ्या मिशा, हातात भाला. म्हणाला, "माप कशाला हवं? माझी नजर आहे." मग त्यानं एक डोळा मिटला, भाला पुढे धरला आणि ओरडायला लागला. डावीकडे सरका. उजवीकडे सरका. ठोका. शिपायांनी लाकडी मोगरीनं ठकाठक मेखा ठोकल्या. कापड चढवलं. तीन कोपरे बसले, आणि चौथा कोपरा असा वर उचललेला की खालून शेळी जाईल. शेळी नाही गेली, वारोबा गेला. तंबू फुगला, टम्म पुरीसारखा फुगला, मेखांसकट उपटला आणि उडाला. शिपाई मागे पळाले. संध्याकाळी सापडला, कोसभर लांब.

मग दुसऱ्यांदा आला स्वतः प्रधान. त्यानं डोकं चालवलं. चार दोर घेतले. चारही दोर एकत्र धरले, टोकाला टोक लावलं, तंबूच्या कापडाच्या कडेला भिडवले आणि एकदम कापले. झाले चारही सारखे. म्हणाला, "मी मापलं नाही हं. नुसते सारखे केले." चार बाजूंना चार दोर ताणले, कोपऱ्यांवर चार मेखा ठोकल्या. लोक म्हणाले, वा, प्रधान हुशार. चारी बाजू सारख्या, म्हणजे चौकोन झालाच की. तुम्हालाही तसंच वाटतंय ना? थांबा.

कापड चढवलं तर बसेना. असं का? मेखांकडे नीट बघितलं, तर तो झाला होता शंकरपाळा. शंकरपाळ्याच्या चारी बाजू सारख्याच असतात की नाही? पण दोन टोकं लांब पळालेली आणि दोन टोकं जवळ आलेली. तंबू दोन टोकांना ताणलेला आणि दोन टोकांना लोंबता. वारोबा इकडून शिरला, तिकडून निघाला, शिट्टी वाजवत. त्याला तर तो तंबू फारच आवडला.

आणि नेमकी त्याच सकाळी बैलगाडी आली. हौसाबाई आली, सांगितल्यापेक्षा आठ दिवस आधी. गाडीच्या धक्क्यांनी तिला कळा सुरू झालेल्या. राजा धावत गेला. लेकीनं बापाचा गळ्यात बांधलेला हात बघितला आणि आपल्या कळा विसरून म्हणाली, "आबा, हे काय करून घेतलंत?" राजाला रडूच आलं. म्हणाला, "माझं राहू दे गं. तुझ्यासाठी माझ्याकडे एक धड तंबू नाही."

मग दहा-बारा बायांनी घोंगड्या धरल्या, आडोसा केला आणि हौसाबाईला मधे बसवलं. पण उघड्या माळावर घोंगडीचा आडोसा किती टिकणार? वारोबा एक घोंगडी उडवायचा, बाया दुसरी धरायच्या.

तेवढ्यात कोंडाआजी आली. कोंडाआजी म्हणजे त्या माळावरची सुईण. कमरेत वाकलेली, काखेत बोचकं. त्या राज्यातलं प्रत्येक माणूस तिच्याच हातावर जन्मलेलं. सेनापती जन्मला तेव्हा चार तास रडत होता, हेही तिला ठाऊक, म्हणून सेनापती तिच्यासमोर मिशांना पीळ देत नसे.

तिनं हौसाबाईच्या पोटावर हात ठेवला. म्हणाली, "घाई न्हाई पोरी, येळ हाय अजून." मग बाजूला बसली आणि बोचकं सोडून बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालायला लागली. तिकोनी लंगोट माहीत आहे ना? चौकोनी फडकं घ्यायचं, या कोपऱ्यावर तो समोरचा कोपरा ठेवायचा, झाला तिकोन. दोन-चार झाले. मग एक फडकं आलं शिंप्यानं नुकतंच फाडलेलं, न मापलेलं. एका बाजूनं कोपऱ्यावर कोपरा ठेवला, तर तिकोन झाला लांबलचक. दुसऱ्या बाजूनं ठेवला, तर झाला आखूड आणि ढब्बू. कोंडाआजी म्हणाली, "ह्ये वाकडं फडकं." आणि दिलं टाकून.

टाकता टाकता तिची नजर गेली प्रधानाच्या तंबूवर. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "धुळू, अरं तुझा तंबूबी ह्या फडक्यावानीच हाय की."

राजाला धुळू म्हणणारी ती एकटीच. उठली. तंबूचं कापड उतरवायला लावलं. राहिल्या चार मेखा आणि त्यांना ताणलेले प्रधानाचे चार दोर. मग तिनं बोचक्यातून आपलं जुनं नऊवारी लुगडं काढलं, पीळ घालून त्याचा दोर केला. लुगड्याचं एक टोक दिलं राजाच्या डाव्या हातात. म्हणाली, जा, त्या कोपऱ्यावर उभा राहा. दुसरीकडचं लुगडं दिलं सेनापतीला. म्हणाली, तू समोरच्या कोपऱ्यावर. ताणा. लुगडं या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकं ताणलं गेलं. मेखेपाशी जिथं पोचलं, तिथं तिनं मारली गाठ.

मग म्हणाली, आता उरलेल्या दोन कोपऱ्यांवर जा. राजा गेला, सेनापती गेला. परत ताणलं. तर गाठ राहिली मेखेच्या पुष्कळ पुढे. म्हणजे काय? आधीचे दोन कोपरे एकमेकांपासून लांब आणि हे दोन जवळ.

प्रधान धावत आला. "थांबा, थांबा. हे मापणं झालं. नियम मोडला."

कोंडाआजी म्हणाली, "किती हात भरलं, सांग बघू."

प्रधान म्हणाला, "ते कसं सांगणार?"

"मलाबी न्हाई सांगता येत. मग मापलं कुठं? मी निस्तं जुळवून बघितलं." मग ती राजाच्या गळ्यातल्या हाताकडे बघून म्हणाली, "आन् ह्यो हात मला नगं सांगूस. ह्यो धुळू जन्मला तवा ह्याचा हात माझ्या बोटाएवढा व्हता. तवा काय राज्य बोटाएवढं झालं व्हतं?"

हात मोडल्यापासून राजा पहिल्यांदा हसला. तिकडून हौसाबाई ओरडली, "आजी, लवकर."

मग मात्र सगळे कामाला लागले. कोंडाआजीनं सांगितलं तसं, अलीकडच्या दोन मेखा तशाच ठेवल्या. पलीकडच्या दोन उपटल्या, आणि चारी दोर ताणलेलेच ठेवून त्या दोन मेखा एकदम बाजूला सरकवल्या. परत तिरकी गाठ मारली, परत दुसरीकडून बघितलं. अजून गाठ पुढेच, पण आता थोडीच. परत सरकवल्या. आता जास्त झालं, गाठ मेखेपर्यंत पोचेना. प्रधानानं तोंड उघडलं, कोंडाआजीनं नुसतं बघितलं, त्यानं मिटलं. मग तिसऱ्यांदा, अगदी चार बोटं मागे घेतल्या. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गाठ मारली. दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर लुगडं ताणलं. गाठ बरोब्बर मेखेवर.

चारी बाजू सारख्या आणि दोन्ही तिरकी अंतरंही सारखी. मग तो शंकरपाळा राहतो का? नाही राहत. झाला चौकोन. ठोकल्या मेखा. चढवलं कापड. कुठे चुणी नाही, कुठे लोंबणं नाही. चारी कडा जमिनीला घट्ट टेकल्या. हौसाबाईला आत नेलं, कोंडाआजी आत गेली आणि दाराचा पडदा बांधून टाकला.

आता आला वारोबा. नवा तंबू बघून त्याला केवढा आनंद. पहिली फेरी मारली, चारी कोपरे चाचपले. फट नाही. दुसरी फेरी मारली, जमिनीवर लोळून कापडाची कड उचलून बघितली. उचलली जाईना. तिसऱ्यांदा वर चढला, छतावर आपटला. तंबू जरासुद्धा हलला नाही. वारोबा वैतागला. सगळा माळ त्यानं त्या दिवशी झोडपून काढला. राजाचा स्वतःचा तंबू पडला, पण राजाला त्याचं भान नव्हतं. तो लेकीच्या तंबूबाहेर उभा होता, धुळीत, सगळं अंग पांढरं झालेलं.

आणि मग आतून आवाज आला. ट्यॅहँ. एवढासा.

कोंडाआजीनं पडद्याआडूनच सांगितलं, "नात झाली रं धुळू. आत दिवा लावलाय, त्याची वातबी हलली न्हाई."

राजा निघाला आत घुसायला. कोंडाआजीनं दारातच अडवला. "अंगाला वारं घिऊन यायलास. जा, हातपाय शेकून ये." बघा, राजा असला तरी काय झालं? गेला बिचारा, शेकोटीवर हातपाय शेकले, धुळीचे कपडे बदलले, तेव्हा कुठे त्याला नात दिसली.

मग एक मेंढी कोंडाआजीच्या दारात बांधली गेली. सगळ्या माळावरच्या लोकांनी तिरक्या गाठी मारून आपापले तंबू सरळ केले. सव्वा महिना झाला. राजाच्या हाताच्या कांब्या सुटल्या. प्रधान पेटी घेऊन आला, म्हणाला, "महाराज, हात पुढे करा, मापून बघू." राजानं हात पुढे केला. तो कोपरात थोडा वाकडाच राहिला होता. लांबीला पूर्वीएवढा भरेना, दुमडला तर कोपरा नीट होईना. प्रधान घाबरला. म्हणाला, आता राज्याचं माप कसं होणार?

राजा म्हणाला, "पेटीतल्या जुन्या काठ्या वाटून टाका, त्या पुरेत मापायला. हा हात नातीला घ्यायला ठेवलाय." आणि खरंच, त्या वाकड्या कोपरात बाळाचं डोकं असं काही बसलं, जसं काही तो हात त्यासाठीच तसा जुळला होता.

मग हौसाबाई पहिल्यांदा तंबूबाहेर आली. राजाच्या हातावर बाळ. आणि समोर वारोबा. सव्वा महिना तो त्या तंबूभोवती फेऱ्या मारत होता, बरं का. आत काय आहे, हे एकदा तरी बघायला मिळावं म्हणून. सगळे घाबरले. बायांनी घोंगड्या उचलल्या. पण हौसाबाई म्हणाली, "असू दे. बघू दे त्याला. फार दिवस वाट बघितली त्यानं."

मग वारोबा आला. पळत नाही आला, शिट्टी वाजवत नाही आला. एवढ्या मोठ्या माळावरचा एवढा मोठा वारोबा, पाऊल न वाजवता आला. त्यानं बाळाच्या कपाळावरची एकच बट हलवली. बाळ हसलं. आणि त्या दिवसापासून वारोबा त्या तंबूपाशी आला की आपण होऊन हळू व्हायचा.

मग ते सगळे त्या माळावर मेंढ्या राखत, भांडत, हसत, पुष्कळ वर्षं सुखात राहिले. आणि ती मुलगी मोठी होऊन राणी झाली.

नच्या, हुंकार कुठे गेला? झोपला वाटतं. अवनी, तूही मिट डोळे. पण आधी त्याचं पांघरूण जरा ओढ तिकडून, पाय बाहेर राहिलेत.